चार फळांचं झाड

मला किळस लवकर येते. लहानपणापासूनच तसं आहे. दुसऱ्यानं तोंड लावलेल्या तांब्यातलं पाणी मला गिळवत नाही, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पत्रावळीवर उष्टं साचलेलं दिसलं की माझा घास तोंडातच फिरत राहतो. सासरी आल्यावर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चार बायकांदेखत म्हणायच्या, "आली बगा सोवळ्यातली." मी मान खाली घालून तांब्या विसळून घ्यायची. उलट बोलायला तेव्हाही जमत नव्हतं आणि आजही जमत नाही. चार माणसं समोर आली की जीभ टाळूला चिकटते. म्हणून मनातलं लिहून काढते. कुणाला वाचून दाखवायचं नाही, त्यामुळं जे आहे ते लिहायला हरकत नाही.

आमची रोपवाटिका उंब्रजच्या अलीकडं, हायवेला लागून आहे. सासऱ्यांनी सुरू केली, आता थोरले दीर बघतात. आमचे हे पाणी, माती आणि पिकअप सांभाळतात. कलमं बांधायचं काम आम्हा बायकांकडं. मला ते आत्याबाईंनी शिकवलं. खुंट म्हणजे खालचं रोप, मुळं त्याची. काडी म्हणजे ज्या झाडाची फळं हवीत त्याची कोवळी फांदी. खुंटाचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची, काडीचं टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखं तासायचं, चिरेत बसवायचं आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट आवळायचं. सालीला साल भिडली पाहिजे. वरून प्लॅस्टिकची बारीक टोपी घालायची, म्हणजे ओल राहते.

तासलेली काडी वाऱ्याला सुकता कामा नये, आणि दोन्ही हात तर गुंतलेले असतात. म्हणून जुनी माणसं काडी तोंडात धरतात. ओठांत ओली राहते. आमचे थोरले दीरही तोंडातच धरतात. त्यांच्या तोंडात सकाळपासून मावा असतो. सुपारी, तंबाखू, चुना सगळं गालात कोंबलेलं, आणि त्यातच आंब्याची काडी. बोलताना काडी वरखाली होते, तिच्यावरून लाल लाळ ओघळते. मग ती काडी बाहेर काढून, पिंक टाकून, खुंटात बसवायची. त्यांची कलमं चांगली जगतात, हे खरं आहे. गिऱ्हाइकाला ते अभिमानानं सांगतात की आमच्या लाळेत गुण आहे. गिऱ्हाईक हसतं. मी शेडनेटच्या कोपऱ्यात पाठ करून बसते आणि माझ्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवते. इतकी वर्षं झाली, आमच्या रोपवाटिकेतल्या झाडाचा आंबा हातात घेतला की मला पहिल्यांदा ती लाळ आठवते. फळाचा तिच्याशी काही संबंध नाही, हे मला कळतं. कळलं म्हणून किळस जात नाही.

कुठल्या खुंटावर कुठली काडी जमते, हे आत्याबाईंनी मला पहिल्या वर्षातच सांगून टाकलं होतं. आंबा आंब्यावरच. मोसंबी जंबेरी लिंबाच्या खुंटावर. बोर रानबोरीवर. चिकू खिरणीवर, आणि आमचा निम्मा धंदा या चिकूचाच आहे. खिरणीचं पान वेगळं, फळ वेगळं, बोटाच्या पेराएवढं आणि पिवळं, तरी तिच्यावर चिकू असा बसतो की दहा वर्षांनी सांधा शोधावा लागतो. मी विचारलं होतं की असं का. आत्याबाई म्हणाल्या, दोघांचाही चीक पांढरा, म्हणून. रुईचाही चीक पांढराच असतो, पण रुईवर चिकू बांधून बघणारा मला अजून भेटलेला नाही.

एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही, ती मी डोळ्यांनी पाहिली. घराच्या मागं सासऱ्यांनी हौसेनं रामफळाच्या खुंटावर सीताफळ बांधलं होतं. ते धरलं, वाढलं, त्याला फळंही आली. फक्त सांध्यापाशी एक गाठ सुजत गेली. वर जाड, खाली बारीक, मध्ये ती गाठ, एखाद्याच्या गळ्याला आवाळू यावं तशी. मला त्या गाठीकडं बघवायचं नाही. एका वळवाच्या वाऱ्यात झाड सांध्यातून मोडलं. मोडलेली जागा सुरीनं कापल्यासारखी गुळगुळीत होती. इतकी वर्षं एकमेकांवर उभे राहून आत काहीच एकमेकांत गेलेलं नव्हतं. मध्ये काळी रेघ होती आणि त्या रेघेत मुंग्यांची अंडी. तेव्हापासून कलम धरलं म्हणून मी लगेच हुरळून जात नाही.

तर अशा घरात थोरल्या दिरांनी चार फळांचं झाड काढलं.

त्यांनी ते कुठंतरी मोबाईलवर पाहिलं होतं. एकाच खोडाला आंबा, चिकू, पेरू आणि डाळिंब. आम्ही दोघी जावा गप्प बसलो. आत्याबाई तेवढ्या म्हणाल्या की असलं झाड देवानं केलं नाही. दीर म्हणाले की देवाला हायवेवर दुकान टाकायचं नव्हतं. मग त्यांनी आंब्याचं एक भरलेलं रोप घेतलं, खोडाला तीन चिरा दिल्या आणि त्यांत चिकूची, पेरूची नि डाळिंबाची डहाळी खुपसली. वर पट्टी, पट्टीवर शेणमातीचा लेप, डहाळ्यांना टोप्या. टोपीत ओल असते म्हणून डहाळी काही दिवस हिरवी राहते. तेवढ्यात पुण्याची एखादी गाडी थांबते, बायका फोटो काढतात, झाड डिकीत जातं. न विकलं गेलं तर डहाळ्या बदलायच्या. ते काम जाऊबाईंकडं होतं. मला सांगितलं तेव्हा मी खिरणीच्या वाफ्यात जाऊन बसले ती दुपारपर्यंत उठले नाही. मला सांगायचं त्यांनी सोडून दिलं.

बदलताना काढलेल्या डहाळ्या जाऊबाई माझ्या पाठीमागं टाकायच्या. एकदा मी एक उचलून पाहिली. टोपीत पिवळं पाणी साचलेलं. डहाळीचं टोक काळं, बुळबुळीत, आणि वास असा की दवाखान्यात जुनी मलमपट्टी सोडताना येतो तसा. सालीखाली अळ्या वळवळत होत्या. मी हात साबणानं धुतला, राखेनं धुतला, तरी भाकरी खाताना तो वास बोटांना होताच. त्या दिवशी मी चमच्यानं भात खाल्ला आणि आत्याबाईंना म्हणायला आणखी एक कारण मिळालं.

माझं माहेर सांगली जिल्ह्यात, मिरजेपासून जवळ. आम्ही चार भावंडं. थोरला दादा, मग अक्का, मग मी, आणि धाकटा जो लष्करात आहे. आई लवकर गेली. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. मला सोवळ्यातली म्हणतात, तो वारसा आबांचाच. आमच्या बांधावर एक रायवळ आंबा होता. गर कमी आणि दोरे जास्त, पण खोबऱ्याची चव, म्हणून त्याचं नावच खोबऱ्या. आबा पाडाचा आंबा आधी धुवायचे, मग देठाकडून पिळून पहिला चीक काढून टाकायचे, मग पुन्हा धुवायचे आणि मगच आम्हाला द्यायचे. चीक लागला की ओठ उततात, असं दर आंब्याला सांगायचे. चोखून झालेल्या कोयी मात्र तिथूनच उकिरड्याकडं भिरकावायचे. अलीकडं खोबऱ्या अर्ध्या अंगानं वाळला होता. एका बाजूला पालवी, दुसऱ्या बाजूला नुसतं लाकूड आणि वाळवी. आबा म्हणायचे, दोघांचं एकदमच होणार.

आबा श्रावणात गेले, पंचमी झाल्यावर. शेवटचे दिवस मिरजेच्या दवाखान्यात होते आणि मी त्यांच्याजवळ होते. जिन्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात पिचकाऱ्या, संडासाच्या दारात पाणी तुंबलेलं, एकाच बादलीत सगळ्या खोलीची फडकी. मी आबांचा पेला पदराखाली घेऊन फिरायची. त्यांचं सगळं मी केलं. त्यांची मला किळस आली नाही. त्यांना मात्र माझ्यासमोर स्वतःची येत होती. तोंड पुसलं की ते भिंतीकडं वळायचे.

आमच्याकडं आता रक्षा नदीत सोडत नाहीत. अस्थी मडक्यात घेतात, बाकीची राख स्वतःच्या रानात खड्डा काढून त्यात टाकतात आणि तिच्यावर झाड लावतात. लोक येता-जाता म्हणतात, हे अमक्याचं झाड. आंबा असो, नारळ असो, त्या झाडाला माणसाचंच नाव पडतं. म्हणून झाड कुठलं लावायचं यावर घरात बोलणं होतं. दादानं ते कुणाशी बोलायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. त्यानं थोरल्या दिरांचा मोबाईलवरचा व्हिडिओ पाहिला होता. चार फळांचं झाड. आम्ही चार भावंडं, आबांच्या एका खोडावर. दादा मला हे सांगताना रडला. त्याला वाटलं होतं की मला आनंद होईल, माझ्याच सासरचं झाड. दिरांना फोनही झाला होता आणि ते फुकट देतो म्हणाले होते.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण घरात माणसं भरलेली, चुलीवर दुसऱ्या घरून आलेला चहा, दादाचे डोळे सुजलेले. मी एवढंच म्हटलं की साधा आंबा लावू. दादा म्हणाला, साधा तर कुणीही लावतं. मग पुढं जीभ वळली नाही. रात्रभर मला ती डहाळी दिसत होती. आबा, ज्यांनी दुसऱ्याच्या विळ्यानं कापलेलं कलिंगड कधी खाल्लं नाही, त्यांच्या राखेवर ती काळी बुळबुळीत काडी उभी राहणार. महिन्याभरात तिन्ही फांद्या गळणार, तिन्ही भोकांतून आंब्याच्या खोडात कूज उतरणार आणि तोही जाणार. मग लोक म्हणणार, त्यांचं झाड जगलं नाही. आमच्या गावात असं म्हणतात तेव्हा झाडाबद्दल म्हणत नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी रानात सगळे जमलो. राख सावडून झाली, खड्ड्यात गेली. तेवढ्यात पिकअप आली. थोरले दीर पांढऱ्या कपड्यांत उतरले, मागून आमच्या ह्यांनी झाड उतरवलं. लेप ताजा होता, टोप्या उन्हात चमकत होत्या. दिरांनी मावा थुंकला आणि पायानं त्यावर माती ओढली. आबांची राख टाकली होती तिथून चार हातांवर. मी पाहिलं. मग त्यांनी मोबाईल काढून धरला आणि मोठ्या आवाजात समजावून सांगू लागले. आंबा म्हणजे थोरला लेक. चिकू म्हणजे थोरली लेक. डाळिंब म्हणजे देशाची सेवा करणारा धाकटा. पेरू माझ्या वाट्याला आला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गावातली जुनी माणसं पुढं वाकून सांधा बघत होती आणि मान हलवत होती. मी राखेच्या वासात दुसरा वास हुंगत उभी होते. तो आला. फार नाही, पण मला तो ओळखायला फार लागत नाही.

आधी कावळा शिवला पाहिजे, मग झाड लावायचं, असं ठरलं. आबांच्या आवडीचं सगळं पानावर वाढलं होतं, शेवटी पाडाचा आंबा नव्हता म्हणून आंब्याची वडी. माणसं मागं सरली. दीर तेवढे सरले नाहीत. कावळा शिवताना व्हिडिओत यायला हवा होता, म्हणून ते पानापासून थोड्या अंतरावर गुडघ्यावर बसले, मोबाईल पुढं धरून. कावळे लिंबावर होते. खाली बघत होते आणि उतरत नव्हते.

कावळा शिवत नाही तेव्हा मेलेल्याचं काही राहिलंय असं धरतात, आणि घरचे एकेक जण पुढं होऊन त्याला शब्द देतात. दादा पुढं झाला. बांध फोडणार नाही, भावाला अंतर देणार नाही, म्हणाला. कावळे बसूनच. अक्का म्हणाली, माहेर तुटू देणार नाही. धाकट्यानं हात जोडून काहीतरी पुटपुटलं. मग एका म्हाताऱ्यानं विचारलं की मधली कुठं आहे, तिनं दवाखान्यात केलंय, तिच्यात जीव असंल. बायकांनी मला ढकलून पुढं केलं.

एवढ्या माणसांपुढं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. पण तिथं माणसांशी बोलायचं नव्हतंच. आबांशी बोलायचं होतं, आणि आबांशी बोलताना मला कधी अडलं नाही. मी पानाकडं बघून म्हणाले, "आबा, हे झाड खोटं हाय. ह्याच्याखाली तुमाला ठेवत न्हाई. खोबऱ्याची काडी मी बांधते, तुमच्याच कोयीच्या खुंटावर. मग तर खावा."

दीर गुडघ्यावरूनच हळू आवाजात म्हणाले, "धाकले, लोकं हायती हितं."

दादा म्हणाला, "खोटं म्हंजी?"

मी झाडापाशी जाऊन बसले आणि लेप नखानं उकरला. हाताला शेणमाती लागली, तिच्याखाली पट्टी सापडली. पट्टीचं टोक ओढलं तसे एकावर एक वेढे सुटत गेले आणि डाळिंबाची फांदी, म्हणजे माझा धाकटा भाऊ, माझ्या हातात आली. टोक काळं होतं. त्याला धरून लाळेसारखी तार लोंबत आली आणि तुटून माझ्या पायावर पडली. वास पसरला. अक्कानं पदर नाकाला लावला. एक पांढरी अळी फांदीवरून माझ्या अंगठ्यावर आली. मी हात झटकला नाही. दादाला दिसेपर्यंत तसाच पुढं धरून ठेवला.

दादानं बघितलं. झाड पिशवीसकट उचललं आणि पिकअपमध्ये नेऊन आडवं टाकलं. दिरांना तो काही बोलला नाही. ते पाहुणे होते. दिरांनी मोबाईल खिशात घातला आणि गाडीच्या सावलीला जाऊन उभे राहिले. मग कावळा उतरला. त्यानं आधी वडी उचलली. लोक म्हणाले की लेकीच्या शब्दाला उतरला. मला वाटतं मोबाईल खिशात गेला म्हणून उतरला असावा. पण उतरला.

त्याच वेळी दादानं कुदळ घेतली आणि मला म्हणाला की खुंट दाखव. घरामागं उकिरड्याच्या कडेला आंब्याची रोपं आपली आपण उगवलेली होती, ते मला माहीत होतं. आबांनी भिरकावलेल्या कोयींचीच ती. उकिरड्यावर काय नव्हतं. कोंबड्यांची पिसं, शॅम्पूच्या पुड्या, फुटकी कपबशी, औषधांची रिकामी पाकिटं, त्यातली निम्मी आबांचीच. पावसानं सगळ्याचा काला झाला होता आणि पाऊल ठेवलं की पोटरीपर्यंत आत जात होतं. दवाखान्यानंतर मला वाटलं होतं की आता काही बाकी राहिलं नसेल. बाकी होतं. मी साडी खोचून आत गेले आणि पेन्सिलीएवढ्या जाडीचं, सरळ खोडाचं, तांबूस पालवी आलेलं एक रोप धरून दाखवलं. दादानं ते न उपटता मुळांभोवतीच्या मातीच्या मोठ्या गोळ्यासकट खणून काढलं. गोळ्यात एक गांडूळ आणि आबांच्या दाढीचं जुनं पातं निघालं. पातं दादानं खिशात घातलं. रोप राखेवर लावलं, प्रत्येकानं पाणी घातलं.

संध्याकाळी मी खोबऱ्याच्या जिवंत अंगाच्या चार काड्यांची पानं देठ ठेवून छाटली. पानं आधी काढून ठेवली की काडीतले डोळे फुगतात आणि बांधल्यावर लवकर फुटतात. नुकत्या हलवलेल्या रोपावर इतक्या लवकर कलम बांधू नये, हे मला माहीत होतं. आत्याबाईंनी असं केलेलं पाहिलं असतं तर हातावर चापट मारली असती. पण खोबऱ्या पुढच्या पावसापर्यंत राहील याचा भरवसा नव्हता.

तेराव्याला काड्यांचे डोळे फुगून आले होते. रोपानं दोन दिवस मान टाकली होती ती परत उचलली होती. जेवणं व्हायच्या आधी मी चाकू धुतला, चुलीवर धरला आणि रानात गेले. वारं सुटलेलं होतं. मागून थोरले दीर आले. जेवायला आले होते. रागावलेले दिसले नाहीत, ते माणूस रागावत नाही, हीच त्यांची अडचण आहे. माझ्याशेजारी उकिडवे बसले. बोलले की चीर जरा खोल दे. ते बरोबर होतं, मी दिली. काडी तासली आणि मग बघते तर ओलं फडकं मी घरी ओट्यावरच विसरले होते. तासलेल्या काडीला वारं लागत होतं, आणि चीर उघडून धरायला मला दोन्ही हात हवे होते.

दिरांनी हात पुढं केला. गालात मावा होता, ओठाच्या कोपऱ्यात लाल फेस. म्हणाले, "दे हिकडं, मी धरतो तोंडात."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी तो हात बघितला, तो ओठ बघितला, आणि काडी माझ्याच तोंडात धरली. इतकी वर्षं ज्या गोष्टीला नाक मुरडलं तीच. जिभेला चीक लागला, कडू आणि तिखट, रॉकेल प्यायल्यासारखा. लाळ सुटली ती गिळता येईना आणि थुंकता येईना. हनुवटीवरून ओघळली. मी चीर उघडली, काडी ओठांतून घेऊन बसवली, सालीला साल भिडवली, पट्टी आवळली, टोपी घातली. मग बाजूला जाऊन थुंकले, खूप वेळ थुंकले. दीर म्हणाले, "आता कळलं व्हय." आणि हसले. मी चूळ भरत होते.

दुसऱ्या दिवशी ओठ उतले. फोड आले, मग खपल्या. कितीतरी दिवस मी भाकरी दुधात भिजवून खाल्ली. ह्यांनी विचारलं की काय झालं. आंबा उतला म्हणाले. हे म्हणाले की श्रावणात कसला आंबा.

उंब्रजला परत आले तेव्हा रस्त्याकडेच्या फळीवर ते झाड नव्हतं. जाऊबाईंना विचारलं. त्यांनी डाळिंबाची नवी डहाळी लावली होती आणि फलटणकडचे कुणी वास्तुशांतीला म्हणून घेऊन गेले होते. रक्षेच्या जागेवर नेलेली वस्तू माघारी आणत नाहीत, एवढं तर लहान पोराला माहीत असतं. आमच्या घरानं ती आणली आणि कुणाच्या तरी नव्या घराच्या दारात लावायला दिली. जाऊबाई हे सांगताना मेथी निवडत होत्या. ती भाजी मी खाल्ली नाही. फळीवर नवं झाड उभं आहे, तेही तसलंच. त्याच्या बाजूनं जाताना मी श्वास धरते. दिरांनी कावळ्याचा व्हिडिओ काही टाकला नाही, तेवढं बरं केलं.

काल दादाचा फोन आला. कलम फुटलं म्हणाला. आवाजावरून कळत होतं की रानातूनच बोलतोय. मी विचारलं, पट्टीच्या वर फुटलंय की खाली. खाली फुटलं तर ते खुंटाचं, खोबऱ्याचं नव्हे. त्याला ते माहीत नव्हतं. थांब म्हणाला. मोबाईलमध्ये नुसतं वारं ऐकू येत होतं आणि त्याच्या वाकण्याचा आवाज. मी शेडनेटमध्ये उभी होते आणि माझ्या ओठांची सुटायला आलेली खपली दातांनी ओढत होते.

"वर," दादा म्हणाला. "वरच हाय. तांबडं."

एवढ्यावर काही ठरत नाही. काडीत स्वतःचा रस असतो, त्यावरही ती एकदा फुटते. दुसरी पालवी आली म्हणजे खरं. हे सगळं मी त्याला सांगितलं नाही. म्हणाले, खालून काही फुटलं तर ते नखानं काढून टाकायचं.

"आत्ता बारीक हाय एक. काढू?"

"काढ," मी म्हणाले. "पर आदी हात धू."